लाडक्याला बोलवू नका

कमू ठाण्यात आली तेव्हा तिच्या कडेवर चार वर्षांची रुपी होती. रुपीचा डावा हात बांबूच्या कामट्या लावून फडक्याने बांधलेला होता. हवालदार प्रगती भोये टेबलाशी बसली होती. तिने कमूला लगेच ओळखलं. कमू म्हणजे लाडक्याची बायको, आणि लाडक्या म्हणजे नदीत कोणी बुडालं की पोलीस ज्याला जीपमध्ये घालून आणायचे तो माणूस.

"काय झालं पोरीला?"

"बापाने फेकली."

प्रगतीने कागद पुढे ओढला. "तक्रार लिहायची का?"

"तक्रार नाय," कमू म्हणाली. ती उभीच होती. "तो अंगनात बसलेला. पोर मागून गेली नि त्याच्या गल्यात पडली. दोन्ही हात गच्च. तो आरडला नि झटकून दिली तिला. चुलीच्या दगडावर पडली. मग तोच रडत बसला. रातचा निजत नाय तो."

"प्यायला होता?"

"पितो तर रोजच. ती सवय तुमीच लावली ना."

प्रगतीने कागद परत बाजूला सारला. पलीकडे शिपाई हरेश मोबाईल बघत होता, त्याने मान वर केली आणि परत खाली घातली.

"बाय, त्याला नको बोलवू," कमू म्हणाली. "पान्यात नको घालू त्याला. एवढंच सांगायला आले."

ती वळली आणि निघून गेली. लाडक्याचा पाडा दाभोशाच्या धबधब्यापलीकडे, नदीच्या वरच्या अंगाला होता. तिथून ती पोरीला घेऊन अर्धा रस्ता चालत आणि अर्धा रस्ता टपापर्यंत भरलेल्या प्रवासी जीपमध्ये दाटीवाटीने बसून आली असणार, हे प्रगतीच्या नंतर लक्षात आलं. तिने साधं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

लाडक्या कातकरी. त्याच्या घरात कधी कोणाची जमीन नव्हती. पावसाळ्यात मासे, कोणाच्या शेतात लावणी-कापणी, आणि दिवाळी झाली की बायकोपोरांसकट वीटभट्टी. पाण्याखाली दम धरून राहणं त्याला लहानपणापासून जमायचं. पाड्याखाली नदीला म्हसकोंड नावाचा खोल डोह आहे. वरून पाणी शांत दिसतं, आणि आत कातळाच्या कपारी आहेत. पावसाळ्यात धबधबे बघायला मुंबई-नाशिकचे लोक येतात, आणि त्यांतलं कोणी ना कोणी दरवर्षी म्हसकोंडात राहतं. अग्निशमनवाले यायचे तर लांबून येणार. त्यामुळे पोलिसांची जीप आधी लाडक्याच्या दारात जायची. पाण्यात उतरण्याआधी त्याला क्वार्टर द्यायची पद्धत प्रगती त्या ठाण्यात येण्याच्या आधीपासूनची. अंगात ऊब राहते, असं सगळे म्हणायचे. दारू ऊबेसाठी नसते हेही सगळ्यांना माहीत होतं. प्रगती त्या भागाच्या बीटवर आली तेव्हा तिनेही ती पद्धत तशीच चालू ठेवली. शेवटची बाटली तिनेच हरेशला पाठवून मागवली होती.

ती श्रावणातली गोष्ट. वसईकडचं एक कुटुंब आलं होतं. मुलगी पाय धुवायला वाकली आणि घसरली, तिच्यामागे तिचा भाऊ उडी मारून गेला. दोघंही कॉलेजात शिकणारी. लाडक्याने पहिली बुडी मारली आणि वर येऊन कातळाला धरून धापा टाकत राहिला.

"दोघं हायेत," तो म्हणाला. "एकमेकांला धरलंय. पोराचा पाय कपारीत हाय. सुटत नाय."

ऊन उतरत चाललं होतं. साहेबांचा सारखा फोन येत होता, अंधाराच्या आत उरका म्हणून. वरच्या खडकावर आईबाप बसले होते आणि बाप हात जोडून सगळ्यांकडे बघत होता. लाडक्या परत खाली गेला, परत रिकामा वर आला. तेव्हा प्रगती काठावरून ओरडली,

"हात सोडव त्यांचे! एकेक करून आण!"

लाडक्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो खाली गेला. बराच वेळ गेला. त्याने आधी मुलीला आणलं आणि मग मुलाला. मुलाची बोटं वाकडीतिकडी झाली होती. आईने नंतर प्रगतीच्या बाहीला धरून विचारलं, "त्याने तिला धरलं होतं का हो? सोडलं तर नव्हतं ना?"

"पाणी फार होतं, आई," प्रगती म्हणाली आणि पंचनाम्याच्या कामाला लागली.

त्यानंतर प्रगतीचंही काही सरळ चाललं नव्हतं. बादलीत नळाची धार पडायला लागली की तिला मोरीत थांबवत नसे, म्हणून ती नळ सोडून बाहेर उभी राहायची आणि बादली भरली की आत जायची. जामसरला तिच्या गावी आईवडील होते, भाऊ होता. तिथे नागली खुडायला माणसं कमी पडत होती तरी ती सुट्टी काढून गेली नाही. गणपतीत बंदोबस्ताला असताना एका दारुड्याने तिच्यासमोर उलटी केली. तेवढ्यावरून तिने त्याला काठीने असं मारलं की हरेशने मागून कंबरेला धरून तिला बाजूला काढलं. वरून तेव्हाच आदेश आला होता, कर्मचाऱ्यांच्या मनावरच्या ताणासाठी समुपदेशन घ्यायचं म्हणून. साहेबांनी पहिलं नाव तिचं पाठवलं.

जव्हारला एका सरकारी इमारतीतल्या मागच्या खोलीत दर मंगळवारी समुपदेशक दिपिका मॅडम बसायच्या. ठाण्यात त्याला सगळे डोक्याची सर्व्हिसिंग म्हणायचे. प्रगती जाऊन आली होती. खुर्चीत ताठ बसली, विचारलं तेवढ्याला उत्तर दिलं आणि म्हणाली, "सगळं ठीक आहे, मॅडम." दिपिकाने खोदून विचारलं नाही. "पुढच्या वेळी या," एवढंच म्हणाली. पुढच्या वेळीही प्रगती ठीकच होती.

कमू येऊन गेल्यावरच्या मंगळवारी मात्र ती खुर्चीत बसायच्या आधीच बोलली.

"मॅडम, मला काही नाही. पण एक माणूस आहे, त्याला बघाल का?"

तिने लाडक्याबद्दल सांगितलं. दिपिकाने ऐकून घेतलं.

"हे फक्त कर्मचाऱ्यांसाठी आहे, प्रगतीताई. तो खात्याचा माणूस नाही."

"काम तर खात्याचंच करतो."

दिपिकाने समोरची वही मिटली. "तुमच्या वेळेत त्याला घेऊन या," ती म्हणाली. "वेळ तुमची आहे. तुम्ही ती कोणाला द्यायची ते तुम्ही ठरवा. साहेबांना मी सांगते."

जीप पाड्यावर गेली तेव्हा लाडक्या घराच्या मागे जाऊन उभा राहिला. प्रगती एकटीच उतरलेली बघून तो पुढे आला. त्याच्या हातात टॉवेल होता.

"कोन गेलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. जव्हारला जायचंय. एक मॅडम आहेत, त्यांच्याशी बोलायचं."

"रुपीच्या हाताचं? माना आत टाकनार?"

"नाही रे, तुला कोणी आत टाकत नाही. झोप लागत नाही ना तुला, त्याचं."

कमूने त्याच्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि धुतलेला सदरा दिला. तो जीपमध्ये मागे बसला. 

खोलीत तो खुर्चीवर बसेना. भिंतीला टेकून खाली बसला, तेव्हा दिपिकाही सतरंजीवर बसली. तिने काही विचारलं की तो "व्हय" म्हणायचा. सगळ्यालाच व्हय. दिपिका पालघरची, तिचं मराठी शाळेतलं. लाडक्या घरात बोलायचा ती बोली तिला कळत नव्हती, आणि तिचं बोलणं लाडक्याला कचेरीतलं वाटत होतं. प्रगतीच्या गावाला लागूनच कातकऱ्यांची वाडी होती, त्यामुळे ती बोली तिच्या कानावरची होती.

"खरं म्हणजे तुम्ही मध्ये नको होतात," दिपिका तिला म्हणाली. "तुम्ही पोलीस, तो तुमच्यापुढे काय बोलणार? पण दुसरं कोणी नाही. त्याला विचारा, तुम्ही असलेलं चालेल का."

प्रगतीने विचारलं. लाडक्याने खांदे उडवले. "हीच तर असते दरवेली," तो म्हणाला.

"मग एक करा," दिपिका म्हणाली. "तो म्हणतो, तो म्हणतो, असं सांगू नका. तो मी म्हणाला की तुम्हीही मीच म्हणा. त्याचं बोलणं तसंच्या तसं माझ्यापर्यंत येऊ दे. आणि त्याला सांगा, नको वाटेल तिथे थांबायचं. सगळं सांगायलाच पाहिजे असं नाही."

लाडक्याला घरच्या बोलीत विचारल्यावर तो हळूहळू बोलू लागला. आधी मासे खात नाही ते सांगितलं. प्रगती म्हणाली, "मी मासे खात नाही आता. कमू रांधते, मी उठून जातो." मग झोपेचं. "मला झोप लागत नाही. डोळा लागला की हातात काहीतरी येतं." लाडक्या हात पुढे करून बोलत होता, आणि प्रगतीच्या लक्षात आलं की आपलेही हात पुढे आले आहेत. तिने ते मांडीखाली घेतले.

"काय येतं हातात?" दिपिकाने विचारलं.

लाडक्या खालच्या आवाजात बोलला. त्याला फार शब्द लागले नाहीत. प्रगतीने सुरुवात केली आणि पहिल्याच शब्दाला अडली.

"सावकाश," दिपिका म्हणाली.

"बोटं," प्रगती म्हणाली. "बोटं येतात. मी ती एकेक उघडतो. थंड आहेत पण जिवंत माणसासारखी धरून आहेत. मी एक उघडलं की दुसरं मिटतं. मला वाटतं अजून जीव आहे. मला वाटतं मी सोडवतोय म्हणून मरतायत. मी..."

लाडक्या पुढे बोलत होता, पण प्रगतीचं मराठी तिथेच थांबलं. तिला पुढचं कळलं होतं. तो म्हणाला होता, काठावरून आवाज आला म्हणून सोडवलं.

"मी ओरडले," प्रगती म्हणाली. "काठावरून. मी ओरडले, सोडव म्हणून."

हे लाडक्याचं बोलणं नाही, हे दिपिकाला कळलं. तिने प्रगतीला थांबवलं नाही. प्रगतीच्या तोंडून आवाज निघाला, तो रडण्यासारखा नव्हता, ठसका लागल्यासारखा होता. मग ती गणवेशाच्या बाहीत तोंड खुपसून रडली. लाडक्या भिंतीपासून पुढे सरकला आणि तिच्याकडे वाकून बघत राहिला.

"बाय, तुलाबी दिसतं?" त्याने विचारलं.

तिने होय म्हणून मान हलवली.

"माना वाटलं, तू लिवतेस नि सोडून देतेस."

 मग दिपिकाने दोघांना पाय जमिनीवर टेकवायला सांगितले आणि खोलीत काय काय दिसतं ते एकेक मोठ्याने म्हणायला सांगितलं. लाडक्या म्हणाला, पंखा. मग म्हणाला, पाल. प्रगतीने नाक पुसलं आणि म्हणाली, खिडकी.

हे भूत नाही आणि वेडही नाही, दिपिका म्हणाली. खूप भयंकर बघितलेल्या माणसाला असं होतं आणि कमी होऊ शकतं, पण वेळ लागेल आणि परत परत यावं लागेल. दारूने झोप लागल्यासारखं वाटतं पण त्रास वाढतो, आणि पिणं एकदम सोडायचं नाही, आधी डॉक्टरांना दाखवायचं. मग तिने विचारलं, "लाडक्याभाऊ, परत बोलावलं तर नाही म्हणता येईल तुम्हाला?"

लाडक्या पहिल्यांदाच हसला. त्याने प्रगतीकडे बोट दाखवलं. "पोलिसाला नाय म्हनू?"

दिपिकाने प्रगतीकडे पाहिलं.

"मी नाही बोलावणार," प्रगती म्हणाली. मग तेच तिने लाडक्याच्या बोलीत सांगितलं, कारण त्याला कळलंय की नाही याची तिला खात्री हवी होती.

लाडक्या आणखी दोनदा आला. दिवाळी जवळ आली होती आणि पाऊस गेला होता, पण म्हसकोंडाचं पाणी अजून उतरलं नव्हतं. तेव्हा ठाण्यात फोन आला की नाशिककडून आलेल्या चार मित्रांतला एक बुडाला. प्रगती आणि हरेश पोचले. तासाभरात मुलाचा बाप आला, मग साहेबही आले.

"लाडक्या कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"त्याला नाही बोलावलं, सर. अग्निशमनला कळवलंय. उद्या सकाळी पोचतील."

"उद्या? भोये, बाप उभा आहे तिथे. लोक व्हिडिओ काढतायत."

"सर, लाडक्या आजारी आहे."

"पाण्यात गेला की बरा होतो तो," साहेब म्हणाले आणि हरेशला खूण केली.

हरेश जीप घेऊन गेला. प्रगती अडवू शकली नाही. तो लाडक्याला घेऊन आला, आणि लाडक्याच्या मागे त्याचा धाकटा भाऊ ढवळूही उतरला. ढवळू तिशीचा, लग्न झालेला, अंगाने लाडक्याहून दणकट. हरेशच्या खिशात बाटली होती. त्याने ती लाडक्यापुढे धरली. मुलाच्या बापाने हे पाहिलं आणि काय ते समजून तो पुढे आला आणि लाडक्याच्या पायाशी बसला.

"माझं पोरगं तेवढं वर काढ, बाबा."

लाडक्याने पाय सोडवून घेतले. तो पाण्याच्या दिशेने दोन पावलं गेला. प्रगती त्याच्या पुढे जाऊन उभी राहिली. तिच्या बुटांत पाणी शिरलं.

"नको जाऊ," ती म्हणाली. "मी बोलावलं नाही तुला."

"भोये, बाजूला व्हा," साहेब म्हणाले.

"नाही सर."

लाडक्याने पाण्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माना नाय जमं." आणि तिथेच खडकावर बसला. गर्दीतून कोणीतरी त्याला शिवी दिली. बाप रडत राहिला.

"मी जातो," ढवळू म्हणाला.

प्रगती वळेपर्यंत त्याने सदरा काढला होता आणि हरेशच्या हातातली बाटली तोंडाला लावली होती. लाडक्या ओरडला, "ढवल्या, नको!" पण तो पाण्यात शिरला होता. चौथ्या बुडीला त्याने मुलाला केसांना धरून वर आणलं. सगळे पुढे धावले. साहेबांनी ढवळूच्या पाठीवर थाप मारली, व्हिडिओ काढणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ढवळू मोठ्या खडकाच्या मागे गेला आणि ओकला. लाडक्या त्याच्यामागे गेला. प्रगतीला तिथून फक्त लाडक्याचा हात दिसत होता, भावाच्या पाठीवरून वरखाली फिरणारा.

साहेबांनी प्रगतीला कारणे दाखवा नोटीस दिली. वरिष्ठांचा आदेश मानला नाही आणि लोकांसमोर खात्याची शोभा केली, असं तिच्यात होतं. प्रगतीने खुलासा लिहून दिला. त्यात तिने श्रावणातल्या दिवसाचं सगळं लिहिलं, बाटलीसकट. खुलासा वर गेला की साहेबांच्या खणात राहिला, हे तिला कळलं नाही. तिची बीट काढून घेतली आणि तिला ठाण्यातच बसवलं.

दिवाळी झाली आणि लाडक्या बायकोपोरीला घेऊन भिवंडीकडच्या भट्टीवर गेला. दिपिकाने त्याला नंबर दिला होता, पण त्याच्याकडे फोन नव्हता. भट्टीच्या मुकादमाच्या फोनवरून कमूने एकदा प्रगतीला फोन केला. रुपीचा हात बरा झालाय, जरा वाकडा बसलाय, म्हणाली. लाडक्याचं विचारल्यावर म्हणाली, "कवा निजतो, कवा नाय. पीत तर हाय." मग मुकादमाने फोन मागितला.

माघात ठाण्यात बसल्या बसल्या प्रगतीला समजलं की मोखाड्याकडच्या एका विहिरीतून बाई काढायची होती, तेव्हा जीप ढवळूला घ्यायला गेली होती. त्याआधीही एकदा गेली होती. दोन्ही वेळा तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी तिने दिपिकाला फोन करून वेळ तासभर पुढे ढकलायला सांगितली आणि शेजारच्याची मोटरसायकल घेऊन पाड्यावर गेली. ढवळू त्या वर्षी भट्टीवर गेला नव्हता. तो घरासमोर जाळ्याचे तुटलेले फासे बांधत बसला होता. त्याची बायको लाकडं आणायला गेली होती.

"माझ्याबरोबर जव्हारला चल," प्रगती म्हणाली.

"कशाला? माना काय झालंय?" तो हसून म्हणाला. त्याच्याजवळ रिकामी क्वार्टर पडली होती. त्याने ती पायाने आडोशाला सरकवली. "दादासारका नाय मी. माना काय दिसत नाय."

"बरं," प्रगती म्हणाली.

ती निघाली नाही. ती त्याच्यासमोर उंबऱ्यावर बसली. बूट काढून बाजूला ठेवले. आणि कोणी विचारलं नसताना, त्याच्याच बोलीत, तिने सांगायला सुरुवात केली. मी त्या दिवशी काठावर उभी होते. तुझा भाऊ वर आला आणि म्हणाला, सुटत नाहीत. मी नळाखाली बादली लावून बाहेर पळते. मी एका माणसाला विनाकारण मारलं. मी आईकडे जात नाही, कारण ती माझा हात हातात घेते.  त्या बुडालेल्या पोरांच्या आईला मी खरं सांगितलं नाही, ती म्हणाली. भावाने बहिणीला सोडलं नव्हतं, हे मी तिला सांगायला हवं होतं.

ढवळू आधी फासे बांधत होता. मग त्याची बोटं थांबली. त्याने जाळं मांडीवरून खाली ठेवलं, पण मान वर केली नाही.

"त्या बाईचं तोंड पान्यात उघडं होतं," तो अखेर म्हणाला.

प्रगती तो पुढे बोलण्याची वाट बघत बसली.